बद्रीनाथअण्णांचं शिरसबंदर

कोकणातल्या शिरसबंदराविषयी काही विचारायचं असलं तर बद्रीनाथअण्णांना विचारायचं, असा चौसाळ्यात रिवाजच पडला होता. आता चौसाळ्यात बसून शिरसबंदराची चौकशी करणार तरी कोण म्हणा. पण अण्णा न विचारताही सांगायचे. फाट्यावरच्या हॉटेलात चहाची बशी तोंडाला लागायच्या आत त्यांचं सुरू व्हायचं, "काय न्हाई बे तिथं. निस्तं पानी. चार म्हैने पाऊस, कपडे वाळत न्हाईत. सकाळी भात, संध्याकाळी भात. दिवस मावळला की बाजारात कुत्रं दिसत न्हाई." ऐकणारे माना डोलवायचे. अण्णा स्वतः तिथं एकदाही गेले नव्हते हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तोंडावर बोलून दाखवायला कुणाची जीभ रेटत नव्हती.

अण्णांचा एकुलता एक मुलगा राम तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होता. बीडकडची कितीतरी पोरं डी.एड. होऊन तिकडं समुद्राकाठी नोकरीला लागतात आणि लागल्या दिवसापासून आपल्या जिल्ह्यात बदली मागतात. राम तीनचार वर्षांत येईल म्हणता म्हणता अकरा वर्षं झाली. गाव जितकं वाईट तितका मुलगा लवकर परत येणार, असं अण्णांच्या मनानं घेतलं होतं, आणि म्हणून ते त्या बिचाऱ्या गावाला रोज थोडं थोडं वाईट करत होते. तुम्ही एकदा जाऊन का येत नाही, असं कुणी म्हटलंच, तर उत्तर तयार असायचं, "तो येनारच हाय, मंग आपुन कशाला जायाचं?"

अण्णा जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. फाटलेल्या बैलाला टाके घालण्यात त्यांचा हात धरणारा आजूबाजूच्या दहा गावांत नव्हता. रिटायर झाल्यावर बैल राहिले नाहीत, टाका तेवढा हातात राहिला. दरवर्षी ज्वारीची रास झाली की त्यातली तीस किलो ते बाजूला काढायचे, तीन दिवस कडक ऊन दाखवायचे, कडुलिंबाचा पाला घालून पोत्यात भरायचे आणि दाभण घेऊन पोत्याचं तोंड लाल दोऱ्यानं शिवायचे. तोच टाका, दर दोन बोटांवर गाठ. मग कुणी ना कुणी तिकडं जाणारा गाठून ते पोतं रवाना व्हायचं. आठ दिवसांनी फोन.

"पोचली का रे?"

"पोचली अण्णा. लई गोड हाय औंदाची."

एवढ्या चार शब्दांवर अण्णा पुढचा महिना काढायचे, हे मी गमतीनं सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी वच्छलाबाई, त्यांची बायको, गेली. तेव्हापासून घरात बोलायला माणूस नव्हतं. भाकरी ते स्वतःच थापायचे, कडेला चिरलेली, तव्याला चिकटलेली. एक सकाळी, एक संध्याकाळी. घराच्या बाजूला त्यांनी रामसाठी एक नवी खोली बांधून ठेवली होती. आत पलंग, भिंतीला निळा रंग, दाराला कुलूप. दर सोमवारी ते कुलूप काढून खोली झाडायचे आणि पुन्हा लावायचे. जिथं कुणी राहतच नाही तिथं कचरा कुठून येतो, हे त्यांना कधी उमगलं नाही.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडी बदल्यांची यादी लागली. विठ्ठलरावांचा पुतण्या, रामच्या मागून चार वर्षांनी लागलेला, सरळ बीड तालुक्यात आला. रामचं नाव नव्हतं. अण्णा हॉटेलात तावातावानं बोलत सुटले. विठ्ठलराव जुने सोबती, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "बद्रीनाथा, रामनं फारम भरलता का पर?"

"भरला न्हाई तर काय! कावून भरनार न्हाई?"

त्याच बाकावर विठ्ठलरावांचा भाचा अजिनाथ बसला होता. नव्या जीपची किल्ली बोटात फिरवत तो म्हणाला, "अण्णा, मी म्हनलं सुट्ट्यांत आईला आन् बायकोला समुद्र दाखवावा. शिरसबंदराला जावं का? बगन्यासारखं हाय का काई?"

नेहमीचं उत्तर अण्णांच्या जिभेवर होतं, पण फॉर्मची गोष्ट डोक्यात घुसली होती. "जाऊन येतो, मंग सांगतो," ते म्हणाले. 

यंदाचं पोतं कुणाच्या हाती न देता अण्णांनी स्वतःबरोबर घेतलं. चौसाळ्याहून सोलापूर, तिथून कोल्हापूर, मग घाट उतरून खाली. प्रत्येक स्टँडवर हमालाशी हुज्जत घालत दुसऱ्या दिवशी दुपारी ते शिरसबंदराला पोचले. स्टँड म्हणजे एक पिंपळ आणि एक बाक. दुकानं दुपारची बंद. अण्णांना बरं वाटलं. आपण सांगत होतो तसंच आहे. राम मोटारसायकल घेऊन आला, वाकून पाया पडला आणि पोतं पुढं टाकीवर घेतलं. रस्त्यात ज्या त्या फाटकातून हाक येत होती, "गुरुजी, वडील आले वाटतं?" राम हात वर करायचा. पाचवी हाक आल्यावर अण्णांनी मोजायचं सोडलं.

घर लाल चिऱ्यांचं, भाड्याचं, पण सारवलेलं अंगण आणि दारात जास्वंद. सून रोहिणी डोक्यावर पदर घेऊन पुढं आली. नऊ वर्षांची नात संस्कृती लांब उभी राहून पाहत होती. आजोबा तिला फोनवरचे माहीत, समोरचे तितके नाहीत. हातपाय धुऊन झाल्यावर रोहिणी चहा ठेवायला गेली आणि अण्णा, सवयीनं, पोतं कोरड्यात ठेवायला मागच्या पडवीत गेले.

तिथं गेल्या वर्षीचं पोतं होतं. तोंडाला लाल दोरा, दर दोन बोटांवर गाठ. एकही टाका तुटलेला नव्हता. त्याच्या शेजारी त्याच्या आदल्या वर्षीचं, अर्धं उघडलेलं. आतली ज्वारी ओल धरून गोळा झालेली, वर एक पत्र्याचं टमरेल. अण्णांचा पाय टमरेलाला लागला. तो आवाज ऐकून शेजारच्या सात-आठ कोंबड्या कुंपणाखालून धावत आल्या आणि त्यांच्या पायाशी उभ्या राहिल्या. कोंबड्यांना वाटलं, रोजचंच वाढणं आलं.

अण्णांनी बंद पोत्यावर हात ठेवला. गार लागलं. आतून आंबूस वास येत होता.

मागून रोहिणी आली आणि दारातच थबकली. "अण्णा," ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "हितल्या हवंत पीठ कडू पडतंय. आन् संस्कृतीला भाकरी चालत न्हाई. लई डाव म्हनलं तुमाला सांगावं, पर ह्यान्ला धीर होईना."

"आसूदे, पोरी," अण्णा म्हणाले. सुनेवर रागवायचं त्यांना सुचलंच नाही. आपण अकरा वर्षं टाके घालत होतो आणि इथं ते खाण्यासाठी उसवायचीही कुणाला गरज पडली नव्हती, एवढंच त्यांच्या मनात फिरत राहिलं. जेवायला भात होता. ते दोनदा मागून जेवले, म्हणजे सुनेला वाईट वाटू नये.

संध्याकाळी राम त्यांना समुद्रावर घेऊन गेला. संस्कृती पुढं पळत होती. अण्णांनी आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे माजलगावचं धरण. त्याला निदान पलीकडचा काठ होता. इथं काठच नव्हता. वाळू स्वच्छ, चारदोन होड्या ओढून ठेवलेल्या, माणूस तुरळक. वारा असा, की अंगातला प्रवास उतरून गेला. गाव चांगलं होतं. हे अण्णांना पाच मिनिटांत कळलं आणि त्या गावाचा त्यांना मनापासून राग आला.

"आजोबा, पुढे नका जाऊ, भरती लागली आहे," संस्कृतीनं ओरडून सांगितलं. चौसाळ्याची एकही छटा तिच्या बोलण्यात नव्हती.

ती शिंपले वेचायला लांब गेल्यावर अण्णांनी विचारलं, "राम, फारम भरलता का?"

राम पाण्याकडं बघत राहिला. "न्हाई अण्णा. तीन वर्सं झाली, भरत न्हाई."

"मंग मला कावून सांगत हुतास, औंदा हुईल, औंदा हुईल?"

"आईला म्हाईत हुतं," राम म्हणाला. "ती हितं आलती ना, रोहिणी आजारी हुती तवा. दोन म्हैने ऱ्हायली. जाताना म्हनली, पोरीचं हितं रुजलंय, तुझंबी रुजलंय, आता उपटू नको. तुज्या अण्णाला मी सांगते हळूहळू."

अण्णांना तो दिवस आठवला. वच्छलाबाई शिरसबंदराहून परत आली तेव्हा त्यांनी विचारलं होतं, कसं आहे गाव? "बरं हाय," एवढंच म्हणून ती पिठाच्या परातीकडं वळली होती. मग त्यांनीच तिला तासभर सांगितलं, तिथं काय नाही ते. स्वतः दोन महिने राहून आलेल्या बाईला! तिनं सगळं ऐकून घेतलं होतं. पुढं वर्षभर ती सांगायची वेळ बघत राहिली असणार, आणि त्यांनी आपलं बोलणं न थांबवता ती वेळ कधी येऊच दिली नाही. मग सांगायला ती राहिली नाही.

"तुमीच या ना अण्णा हितं ऱ्हायला," राम म्हणाला. तो मनापासून म्हणाला.

"बगू," अण्णा म्हणाले. दोघांनाही कळलं, ते येणार नाहीत. वच्छलाबाईला जिथं पोचवलं ती माती सोडून या वयात कुठं जायचं?

आठ दिवसांसाठी आलेले अण्णा चौथ्या दिवशी निघाले. नवं पोतं त्यांनी परत घेतलं. राम म्हणाला, राहू द्या, आम्ही खाऊ. "कोंबड्यांच्या नशिबी हायच की दोन पोती," अण्णा म्हणाले आणि हसले. राम काही हसला नाही. गाडी सुटताना संस्कृतीनं खिडकीतून एक शिंपला त्यांच्या हातात दिला. तो त्यांनी सोलापूरपर्यंत मुठीतच धरला होता.

घरी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी फाट्यावर सगळे वाट बघतच होते. अजिनाथनं किल्ली टेबलावर ठेवली आणि विचारलं, "बोला अण्णा. जावं का?"

अण्णांनी बशी खाली ठेवली. "जा," ते म्हणाले. "बगन्यासारखं हाय. चांगलं तीन दिवस ऱ्हा. गर्दी न्हाई, गोंगाट न्हाई. मानसं हाक मारत्यात. आईला संध्याकाळी वाळूवर बसव, लई गार वारं हाय."

विठ्ठलराव त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. "मंग रामच्या बदलीचं काय झालं?"

"न्हाई येत तो. आपलं बस्तान सोडून कशाला येतोय?"

 अजिनाथला भलताच हुरूप आला होता. "मंग मी रामदादाकडं जाऊन येतोच. जीपमदी जागा हाय अण्णा. दरसालचं पोतं देता का? काय द्यायचं आसंल ते द्या."

"काई न्हाई," अण्णा म्हणाले. "त्यान्ला सगळं हाय तिथं."

चहा संपवून ते घरी गेले. त्या दिवशी सोमवार नव्हता, तरी त्यांनी बाजूच्या खोलीचं कुलूप काढलं, परत आणलेलं पोतं ओढत आत नेलं आणि रामच्या पलंगाला टेकवून ठेवलं. मग दाभणानं एकेक गाठ तोडत पोत्याचं तोंड उसवलं आणि संध्याकाळच्या एका भाकरीपुरती ज्वारी काढून घेतली.