क्लाउडचा पिनकोड

पत्त्याशिवाय जगात काहीही असू शकत नाही, असं ठामपणे मानणारा एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. लग्न ठरवताना त्यांनी माझा पगार विचारला नाही, "घराजवळची खूण काय?" एवढंच विचारलं. माजिवड्याजवळ ऑनलाइन मालाच्या एका गोदामात कॉम्प्युटर सांभाळण्यात त्यांची नोकरीतली शेवटची पंधरा वर्षं गेली. तिथला जुना सर्व्हर म्हणजे त्यांचं धाकटं अपत्यच. रोज सकाळी त्याच्या पत्र्यावर तळहात ठेवून ताप बघायचे आणि जरा कढत लागला की साहेबांच्या केबिनमधला पंखा उचलून आणायचे. एकदा साहेब घामाघूम होऊन जाब विचारायला आले, तर मामा म्हणाले, "तुम्ही आजारी पडलात तर रजा टाकाल. हा पडला तर घोडबंदर रोडची पार्सलं कोण पाठवणार?"

त्या सर्व्हरमध्ये प्रत्येक पत्त्याखाली सूचनेची एक ओळ असे. माल पोचवणाऱ्यांना विचारून विचारून मामा ती भरत. 'कुत्रं मोकळं असतं, पण प्रेमळ आहे.' 'दुपारी बाळ झोपतं, बेल वाजवू नये.' कल्याणच्या स्वतःच्या पत्त्याखालीही त्यांनी लिहून ठेवलं होतं, 'बाईंचे गुडघे दुखतात. दोनदा बेल वाजवून थांबावे.' मामी दोन वर्षांपूर्वी गेल्या, तरी ती ओळ त्यांनी खोडली नाही.

मामांच्या निवृत्तीच्या तोंडावर कंपनीनं सर्व्हर काढून सगळं क्लाउडवर न्यायचं ठरवलं. मी त्याच क्षेत्रातला, म्हणून उलटतपासणी माझी झाली.

"जावईबापू, हे क्लाउड राहतं कुठे?"

"एका जागी नाही, मामा. गावोगावी मोठमोठी मशिनं असतात. आपण त्यातली जागा भाड्यानं घ्यायची."

"बरं, पण पिनकोड तरी असेल?"

गंमत म्हणजे, इतकी वर्षं क्लाउडवरच काम करून मला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. त्या रात्री मी तो पिनकोड शोधत बसलो. मामांची खरी धास्ती मात्र निराळीच होती. "पत्ते नेतील हो. पण खालच्या ओळी नेतील का?"

सगळं क्लाउडवर गेलं, मामा निवृत्त झाले आणि आठवड्याभरात त्यांनी आपल्याच कंपनीकडून एक कंगवा मागवला. मामांच्या डोक्यावर केस नाहीत. पार्सल आलं तेव्हा मी तिथंच होतो. बेल वाजली. मी उठायला लागलो, तर त्यांनी माझा हात धरला. पुन्हा वाजली. मग काहीच नाही. मामा श्वास रोखून दाराकडे बघत राहिले, इतका वेळ की मला बाहेरच्या माणसाची दया आली. शेवटी त्यांनी दार उघडलं.

"मावशी नाय का घरात?" तो म्हणाला. "मोबाइलवर आलंय, त्यांचे गुडघे दुखतात. म्हणून थांबलेलो."

"बरं केलंस," मामा म्हणाले.

तो गेल्यावर मी हळूच विचारलं, "मामा, ती ओळ काढायला सांगू का?"

"नको. कुणी थांबतंय तिच्यासाठी, तर थांबू दे."

सध्या त्यांच्याकडे अकरा कंगवे झाले आहेत.