आमचा देव फाटकाच्या आत आहे

तुमच्या देवाच्या पाया पडायला तुम्ही कधी कोणाची परवानगी मागितली आहे?

माझ्या आज्यानं मागितली. जंगलाच्या फाटकासमोर, उन्हात, उकिडवं बसून. मृग तोंडावर आला होता. आज्याजवळ पाय बांधलेली कोंबडी, नारळ आणि देवासाठी मोहाच्या दारूची बाटली. शेजारून पर्यटकांच्या जिप्सी आत जात होत्या. एका बाईनं गाडी थांबवून त्याचा फोटो काढला. त्याला विचारलं नाही.

मी तिथंच उभा होतो. खाकी शर्टात. त्या फाटकावर मी गाईड होतो.

आम्ही कोरकू. आमचं गाव त्या फाटकाच्या आत होतं. वाघासाठी ते उठवलं आणि आम्हाला खाली, अकोटकडच्या सपाटीवर आणून टाकलं. टिनाची घरं, बोअरचं खारं पाणी. मुठव्यासाठी सिमेंटचा ओटाही दिला. मुठवा म्हणजे आमचा गाव राखणारा देव. झाडाखालचा दगड. वनखात्याची माणसं तो दगड गाडीत टाकायला आली तेव्हा आज्यानं त्यांना थांबवलं. आजा गावचा भुमका, म्हणजे पुजारी. त्यानं दाणे टाकून देवाला विचारलं. देव नाही म्हणाला.

ओटा रिकामाच राहिला. त्यावर कुत्री झोपतात. लोक आज्याला म्हणायचे, दुसरा दगड मांड, शेंदूर फास, कोणाला कळतं? तो मांडत नव्हता. दरवर्षी पेरणीआधी डोंगर चढून जायचा आणि पूजा करून यायचा. त्याआधी आमच्या घरचं बी मातीत पडत नव्हतं.

त्या वर्षी फाटकावर नवा साहेब आला.

आजा म्हणाला, "साहेब, देवाची पूजा हाये. ते झाल्याबिगर आमी पेरत नाई."

"मंग नको पेरू," साहेब म्हणाला. "तुले ओटा बांधून देला ना? तिथंच काप कोंबडी अन् खा."

ड्रायव्हर हसले. साहेबानं बाटली उचलली, बूच काढलं आणि तो सगळी दारू रस्त्यावर ओतू लागला. पहिली धार देवाची असते. आज्यानं दोन्ही हात पुढं केले. ती धार ओंजळीत धरू लागला. ड्रायव्हर अजून हसले.

अमरावतीच्या वसतिगृहात मी चळवळीची पत्रकं वाचत मोठा झालो. वाटलीही. त्यांत देवाबद्दल बरा शब्द नव्हता. एकदा मी आज्याला विचारलं होतं, ज्यानं गाव वाचवलं नाही त्याचं कशाला ऐकतोस? तो म्हणाला होता, "गाव त्यानं नाही उठवलं."

ते मला फाटकावर समजलं. आम्ही सगळे साहेबांचं ऐकून उठलो. हा एकटा म्हातारा दुसऱ्या कोणाचं तरी ऐकत होता.

साहेब माझ्याकडे वळला. "तुमच्या भाषेत सांग याले. पुन्हा दिसला तर आत टाकीन."

मी म्हणालो, "त्याले मराठी समजते, साहेब. माहा आजा हाये तो."

"मंग तर सोपं झालं. घरी ने म्हाताऱ्याले. नोकरी पाह्यजे ना तुले?"

मी शर्ट काढला. फाटकाच्या दांड्यावर टाकला. कोंबडी काखेत घेतली, आज्याचा ओला हात धरला आणि दांड्याखालून वाकून आत गेलो.

पहिल्या वळणावर आम्हाला धरलं. आज्याला ढकललं, तो गुडघ्यावर पडला. माझ्यावर गुन्हा दाखल झाला. पूजा झाली नाही. त्या साली आमचं रान पडीक राहिलं आणि आई दुसऱ्यांच्या कपाशीत निंदायला गेली. आज्यानं तरी पेरू दिलं नाही. आणि मी त्याच्याशी भांडलो नाही.

आज्याचा गुडघा गेला तो गेलाच. आता डोंगर त्याला चढवत नाही. यंदा मृगाआधी कोंबडी घेऊन मी जाणार. लपून नाही, फाटकातून. धरलं तर सुटून पुन्हा जाणार. मुठव्यावर माझा विश्वास आहे का, मला ठाऊक नाही. पण त्याच्याकडे जायला मी परवानगी मागणार नाही.

तुम्ही वाघ पाहायला आमच्या डोंगरात येता. या खेपेला फाटकावर गाडी थांबवा. खाली उतरा. इथं कोणाचं गाव होतं आणि त्यांना आत का सोडत नाही, हे साहेबाला विचारा. उत्तर मिळेपर्यंत आत जाऊ नका.