बोटभर शाडू

परळच्या त्या गॅरेजवाल्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. माझ्या बारक्या गाडीत त्याने मोठं इंजिन उतरवलं होतं. नवे माउंटिंग, मोठा रेडिएटर, सगळं जुळलं होतं. आता फक्त बॉनेट बसायला हवं होतं. नाही बसलं तर इंजिन बाहेर, आणि बायकोसमोर मी!

तो शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातून शाडूचा गोळा घेऊन आला. प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्याने तो इंजिनाच्या डोक्यावर ठेवला आणि बॉनेट दाबून लावलं.

"चालू झालं की इंजिन उसळतं, शेठ. मध्ये बोटभर जाड माती उरली तर पास."

"आणि कमी उरली तर?"

"मग मूर्तिकाराकडे न्या. सोंड लावून देईल गाडीला."

एरवी मी टाळी दिली असती. तेव्हा माझी नजर बॉनेटवरच होती.

त्याने बॉनेट उचललं. चपटलेल्या गोळ्याला आपलं काळं बोट लावून एक डोळा मिटला.

"पास!"

मी चावीकडे झेपावलो. त्याने हात आडवा घातला.

"थांबा ओ. आधी माती परत देतो. बाप्पाचा उंदीर खोळंबलाय तिकडे."

त्या वर्षी मी बाप्पाआधी उंदराच्या पाया पडलो.