आईला म्हटलं, हसू नको

आज दुपारचं सांगतो. भेस्तानच्या आमच्या खोलीत आईचा फोटो काढत होतो. बाबांच्या पीएफसाठी तिचं पॅन कार्ड लागतंय आणि गुडघ्यांमुळे तिला स्टुडिओचा जिना चढवत नाही. म्हटलं, मोबाइलवर घरीच काढू.

फॉर्मवर नियम होते. मागे पांढरं हवं, डोळे उघडे, तोंड मिटलेलं, हसायचं नाही. आमच्या भिंती हिरव्या. पांढरी चादर टांगायला खिळा एकच, त्यावर बाबांची फ्रेम. ती उतरवून पलंगावर ठेवली.

आईनं सवयीनं डोक्यावर पदर घेतला. मी तो मागे सारला. "आई, हसू नको. सरळ बघ."

तिनं फ्रेमकडे पाहिलं. "मंग तुना बापना सारखाच व्हई फोटू."

खरंय. बाबा गेले तेव्हा घरात त्यांचा एकट्याचा फोटोच नव्हता. पलसाण्याच्या डाईंग मिलच्या ओळखपत्रावरचा मोठा करून घेतला. माझे बाबा पोट धरधरून हसायचे. भिंतीवरचा माणूस मात्र गेटवर अडवल्यासारखा बघतो.

फॉर्मसाठीचा फोटो तिसऱ्यांदा नीट आला. मी चादर काढायला गेलो, तर आई जागची हलेना.

"एक हासता बी काढी ठेव," ती म्हणाली. "भीतवर लावाले."

आणि हसली. मला स्क्रीनच दिसेना. सगळे फोटो हललेले आलेत.

तुमच्याकडे आईचा असा हसरा फोटो आहे का? तो काढताना तुमचा हात कसा स्थिर राहिला, सांगाल?