कुरडयांचा चीक
शिजणाऱ्या गव्हाच्या चिकाचा आंबूस वास आला की मला आमची नाशिकरोडची गच्ची आठवते. काही वर्षांपूर्वी एका सकाळी गल्लीतल्या बायका कुरडया घालायला जमल्या होत्या, समोर एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या धूर सोडत होत्या, आणि सोऱ्या दाबता दाबता माझी धाकटी जाऊ मध्येच टाकीच्या सावलीत जाऊन बसली. तिला फॅटी लिव्हर निघालं होतं, अंगात त्राणच राहत नव्हतं. हे तिने विश्वासाने मला एकटीलाच सांगितलं होतं. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "तिला नका उठवू. लिव्हरला चरबी चढलीय तिच्या. आपल्याला कुठली चढायला, आपण कामं करतो." बायका हसल्या. ती उठली आणि पातेलं रिकामं होईपर्यंत सोऱ्या दाबत राहिली. मध्येच तिला कठड्याला टेकताना मी पाहिलं, आणि पुढचा गरम गोळा तिच्याच सोऱ्यात भरला. यंदा माझ्या सोनोग्राफीत तेच निघालं. कुरडयांच्या दिवशी जिना चढून गच्चीवर पोचेपर्यंत मला धाप लागली, तेव्हा जावेने लगबगीने खुर्ची आणली, सगळ्या बायकांच्या मधोमध, भर उन्हात मांडली आणि म्हणाली, "बसा ताई." टाकीची सावली चार पावलांवर होती. मी उन्हातच बसले.