सर्व्हरच्या खोलीमागची सावली

ये गं, अशी जवळ बस. दोन दिवसांसाठी आत्याकडे यायचं आणि त्यातही तो लॅपटॉप मांडीवर! म्हणे, 'आत्या, सर्व्हरवर लक्ष ठेवावं लागतं.' त्याच्यावर ठेवायचं, माझ्यावर नाही? खरं सांगते, मला त्या मशीनचा हेवा वाटतो. हसू नकोस. सर्व्हरवर जळणारी मी पहिली बाई नव्हे. नोकरीच्या शेवटच्या उन्हाळ्यातली ती केस अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

एमआयडीसीतला छोटा टॉवेलचा कारखाना. मी तिथल्या ठाण्यात फौजदार. मालक तक्रार घेऊन आले, कुणीतरी मुद्दाम सर्व्हर जाळला. दोन जुनी मशीनं, टॉवेलांची सगळी डिझाइन्स त्यांच्यात. थोरलं गेलं, धाकटं वाचलं. खोलीला कुलूप, किल्ली एकाच माणसाकडे. तोच ती मशीनं वर्षानुवर्षं सांभाळत होता. जुन्या बाजारातून सुटे भाग आणायचा, पंख्यात अडकलेली सुताची लव रंगाच्या ब्रशनं झाडायचा.

त्याच दिवशी ठाण्यात निनावी फोन आला. "बाई, हे जळण्यातनं झालंय. मालक नवा इंजिनिअर आणणार हायत, म्हणून त्या किल्लीवाल्यानं केलं."

किल्ली होती, कारण होतं. मालकांचा धोशा, संध्याकाळपर्यंत अटक करा. साऱ्या कारखान्यादेखत त्याला जीपमध्ये बसवलं, तेव्हा त्याची मान वर झाली नाही.

"तुम्ही केलंत?" मी विचारलं.

"मॅडम, म्हातारी आई अंथरुणाला खिळली म्हणून कुणी तिला इख घालतं का?"

"मग मशीन गेलं कशानं?"

"उष्म्यानं. एसी बंद पडला, मागनं आपोआप चालू झाला. का, ते मलाच कळंना. आत तर मीच जातो."

गुन्हेगार दुसऱ्याकडे बोट दाखवतो, हा माझा अनुभव. ह्यानं स्वतःकडेच दाखवलं. म्हणून कागदावर अटक दाखवली नाही. त्याला ठाण्यातल्या बाकावर बसवलं आणि पुन्हा कारखाना गाठला.

जेवणाची सुट्टी होती. शिलाईच्या बायका सर्व्हरच्या खोलीमागं, भिंतीच्या सावलीत डबे सोडून बसलेल्या. मीही टेकले. एकीनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढं केली. पहिला घास घेतला आणि पाठ भाजली की गं! वळून बघते तर एसीचं बाहेरचं युनिट, भणाणा गरम हवा ओकतंय.

"हितं कशाला बसता?"

"सावली हितंच हाय की, बाई. बाकी समदं पत्र्याखाली."

दुसरी म्हणाली, "आत ते खोकं गारठतंय अन् त्याचा ताप आमच्या पाठीला. पुढल्या जन्मी सर्वरच व्हायचं बघा!"

सगळ्या खिदळल्या. एक वयस्क बाई मात्र हसली नाही, घास हातातच राहिला. ती घडी केलेल्या चादरीवर बसली होती. चादरीवर जाळीच्या काळ्या रेघा उमटलेल्या.

"मावशी, ही चादर कशावर टाकली होती?"

"त्याच्या तोंडावर. वली करून. रोज जेवणापुरती टाकत हुते. त्या दिशी सून हितंच घेरी येऊन पडली. पोटुशी हाय ती. दवाखान्याच्या गडबडीत चादर तशीच ऱ्हायली, सांच्याला काढली." मग माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "जळले बाई मी त्याच्यावर. माझ्या सुनंला वारा न्हाय अन् त्या पत्र्याला गार हवा! पर त्यो मरंल असं न्हाय वाटलं."

हवा कोंडली, एसी तापून बंद पडला, मशीन गेलं. पंचनामा खोलीचा झाला होता, भिंतीमागं कुणी फिरकलंच नव्हतं. फोनवाला चुकला नव्हता, बघ. जळण्यातूनच झालं होतं, जळणारं माणूस तेवढं दुसरं.

तिचा जबाब घेतला. नुकसानीचा हेतू दिसला नाही. मालकांना मी त्याच जागी भिंतीला पाठ लावून बसवलं. चहाचा कप संपायच्या आत ते उठले, तक्रार रेटली नाही आणि युनिटचं तोंडही फिरवून घेतलं.

त्या माणसाला मी जीपमधूनच परत नेलं, सगळ्यांसमोर. वाटलं, मशीनकडे धावेल. तो आधी त्या बाईकडे गेला. "मावशी, मला सांगायचं की. सुनंला आत बसवली असती. खुर्ची हाय, गारवा हाय." ती पदरात तोंड घालून रडली.

एकाच्या गारव्याचा ताप कुणाच्या पाठीवर पडतोय, हे पलीकडं जाऊन बसल्याशिवाय कळत नाही. एवढं मी त्या केसमधून घेतलं.

आता तुझंच बघ. त्या मशीनला जरा ताप आला की तू धावतेस. मला आला की शेजारीण येते. मी काही त्याच्यावर चादर टाकायला येणार नाही, भिऊ नकोस. पण लवकर ये गं पुन्हा. आणि येताना त्याला तिकडंच ठेवून ये.