नायिकेचं ऑपरेशन

मला विसावं लागलं त्या वर्षी माझ्या छातीनं स्वतःचा वेगळा कारभार सुरू केला. अंगानं मी काटकुळा, पोट पाठीला लागलेलं, आणि वर मात्र दोन्ही बाजूंना भर यायला लागला. आईला वाटलं, दूधदुभतं अंगी लागतंय. तिनं कौतुकानं जेवणातलं तूप वाढवलं. मग एके दिवशी अंघोळीचं पाणी देताना तिनं नीट बघितलं आणि हातातला तांब्या हळूच खाली ठेवला.

"हे काय रं?"

"मला काय ठावं?"

"दुखतंय?"

"न्हाय."

"मग गप ऱ्हा. कुणाला दाखवू नगंस."

आमचं घर निपाणीत, वडील तंबाखूच्या वखारीत. त्यामुळं कुठल्याही दुखण्यावर पहिला उपाय तंबाखूचा. आईनं पानांना एरंडेल चोपडून ती गरम केली, छातीवर ठेवली आणि वरून जुन्या लुगड्याची पट्टी आवळली. थोड्याच वेळात घर माझ्याभोवती गरगर फिरायला लागलं. त्या दिवशी पोटातलं सगळं बाहेर आलं, छाती मात्र होती तिथंच राहिली.

पुढं मी बेळगावला लागून असलेल्या शहापूरला मामाकडं राहायला गेलो. मामाचे माग होते आणि पुढच्या खोलीत साड्यांचं दुकान. गिऱ्हाइकांना साड्या उलगडून दाखवायच्या, परत घड्या घालायच्या, हे माझं काम. मे महिन्यातही मी कोट घालून बसायचो. विहिरीवर अंघोळ सदऱ्यासकट. लोक समजायचे, पोरगा लाजाळू आहे.

शेजारच्या मागावर एक अण्णा होते. दिवसभर विणायचे आणि संध्याकाळी गल्लीची नाटकमंडळी चालवायचे. त्या काळी आमच्या मंडळीत बायकांची कामं पुरुषच करत. अण्णांच्या नायिकेचं वय झालं होतं, आवाज बसला होता. छातीला बांधलेले चिंध्यांचे गोळे कधी एकाखाली एक, कधी पार काखेत. लोक हुर्यो करायचे.

एकदा सकाळी विहिरीवर मी डोक्यावर कळशी ओतली आणि वळून बघितलं, तर अण्णा राखुंडीचं बोट तोंडात तसंच ठेवून माझ्याकडं बघत उभे. सदरा अंगाला चिकटला होता.

"अण्णा, काय बघायलाय?"

"देव बघायलोय. मंडळीवर प्रसन्न झालाय."

मी नाही म्हटलं, मामा रागावतील म्हटलं. पण अण्णांनी मामालाच गाठलं. नायिकेच्या अंगावर तुमच्याच मागावरची साडी असेल, असं म्हटल्यावर मामा कशाला रागावतोय!

पहिल्याच प्रयोगाला मी पदर सावरत आत आलो आणि समोरचा सगळा गलबला थांबला. एका म्हाताऱ्यानं शेजारच्याला मोठ्यानं विचारलं, "ही खरीच बाई आणल्याय काय रं?" अण्णा विंगेत उभे राहून डोळे पुसत होते. दुसऱ्या दिवसापासून बायका दुकानात यायच्या आणि "ती नाटकातली साडी दाखवा" म्हणायच्या. कोट घालून मी ती उलगडायचो.

"तिच्या अंगावर काय शोभत होती हो! माझ्या अंगावर तशी बसंल?"

"बसंल की," मी खाली मान घालून म्हणायचो.

खोटं कशाला बोलू, टाळ्या मला आवडायच्या. पण चोळी उतरवली की पुन्हा तेच. घाईघाईनं सदरा चढवायचा, बटणं गळ्यापर्यंत लावायची. पोहायला चला म्हणून मित्रांनी हाक मारली की माझ्या पोटात दुखायला लागायचं.

अशात बेळगावातल्या एका घरी माझं लग्न ठरलं. मुलगी माझ्यापेक्षा थोडीशीच लहान. तिच्या घरात आजारपणं झाल्यामुळं तिचं लग्न लांबलं होतं. सगळे आनंदात, आणि आई निपाणीहून सर्व्हिस मोटारीनं आली ती रडव्या चेहऱ्यानं.

"हळदीला उघडं बसवत्यात रं."

"सदऱ्यावरनंच लावली तर?"

"सदऱ्याचं लगीन हाय व्हय?"

बेळगावच्या कॅम्पात पलटणीतून निवृत्त झालेले एक डॉक्टर होते. मूळचे धारवाडकडचे, मराठी कानडी वळणानं बोलायचे. आई मला त्यांच्याकडं घेऊन गेली. त्यांनी दाबून बघितलं, बोटानं टिचकी मारली.

"धोक्याचं काही नाही. पुष्कळ तरुणांना होतं. राहू दे की. काढायचं कशाला?"

आई म्हणाली, "हळद हाय."

डॉक्टरांना आधी कळलंच नाही. कळल्यावर ते इतके हसले की चष्मा काढून ठेवावा लागला. "पलटणीत गोळ्या काढल्या, हाडाचे तुकडे काढले. हळदीसाठी चाकू पहिल्यांदाच!" मग गंभीर होऊन म्हणाले, "वण राहतील. थोडं बधिर वाटेल. दोन्ही बाजू अगदी सारख्या होतील असं वचन देत नाही. चालेल?"

मी म्हटलं, "चालंल." नुसतं चालंल नाही, पळंल, असं मनात म्हटलं.

क्लोरोफॉर्मचा गोडसर वास तेवढा आठवतो. जाग आली तेव्हा छातीवर कुणी जातं ठेवल्यासारखं वाटत होतं. पुढं टाके काढायच्या दिवशी पट्ट्या सुटल्या आणि मी खाली बघितलं. मधे काहीच नाही! थेट पोट, त्याखाली पायांची बोटं. कित्येक दिवसांनी गावचं माणूस भेटावं तसं मी त्या बोटांकडं बघून हसलो.

"समाधान झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

मी मान हलवायच्या आत आईच वाकून बघत म्हणाली, "डावीकडं जरा खड्डा पडलाय."

"आक्का, कणीक आहे काय, थापून सारखी करायला?"

तेवढ्यात केळ्यांचा फणा घेऊन अण्णा आले. माझ्याकडं बघितलं आणि स्टुलावर बसले.

"समदं काढलं?"

"व्हय."

"दोन्हीबी?"

"एक ठेवून काय करायचं अण्णा?"

"दसऱ्यापतूर तरी थांबायचं हुतं की रं! प्रयोग लागलाय." मग डॉक्टरांकडं वळून हात जोडून म्हणाले, "साहेब, परत बसवायची काय सोय?"

"साकु, साकु! पुरे झालं, बाहेर व्हा," म्हणत डॉक्टरांनी त्यांना केळ्यांसकट दाराबाहेर काढलं.

हळदीला मी असा ताठ बसलो की फेटा नसतानाही नवरदेव वाटावा. आत्या हळद चोळता चोळता थांबली. "हे वण कसलं गं?"

"मांजरानं बोचकारलं," आई म्हणाली.

"दोनी बाजूला सारखंच?"

"मांजर वळणाचं हुतं."

दसऱ्याचा प्रयोग मात्र अंगाशी आला. चिंध्यांचे गोळे कसे बांधायचे हे बाकी सगळ्यांना येत होतं, मला कधी शिकावंच लागलं नव्हतं. शोकाच्या प्रवेशात मी दोन्ही हात आभाळाकडं फेकले आणि उजवा गोळा सुटून सरळ पोटावर येऊन बसला. मी पोट धरून शोक चालू ठेवला. बायकांच्या बाजूनं आवाज आला, "अगं बया, दिवस गेलं!" नायिका होती कुमारी राजकन्या. अण्णा राजाच्या वेशात समोर उभे. त्यांनी तलवार टेकवली आणि नाटकात नसलेलं वाक्य टाकलं, "कन्ये, हा काय घोटाळा?" त्यानंतर शोक ऐकायला कुणी शुद्धीवर नव्हतं.

त्या बायकांत माझी बायकोही बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उघडाच अंग पुसत उभा होतो, तेव्हा तिनं विषय काढला.

"मागच्या साली बघितलं तवा बेस हुतं हो. आईला म्हटलं हुतं मी, बाई असून मला असं न्हाय दिलं देवानं."

माझा पंचा हातातच राहिला. "ती नायिका म्हंजे मी, हे लग्नाआधी ठाऊक हुतं तुला?"

"मागणी आली तवाच वळखलं की."

"मग हो कशाला म्हटलीस?"

"खरं कसं हाय ते बघायचं हुतं." तिनं पंचा माझ्या हातातून घेतला आणि वणांवरचं राहिलेलं पाणी टिपलं. "आता बरं हाय. एका घरात दोन नायिका कशाला?"

मग तिनं सावरीचा कापूस मागवला आणि बंद लावून एक झकास काचोळी शिवली. ती घालून मी पुढं दोन वर्षं कामं केली, कितीही हात फेकले तरी काही हललं नाही. पहिल्यांदा बघितल्यावर अण्णा माझ्याभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "देवापेक्षा सूनबाईचा हात सुबक हाय." हे तिच्या कानावर गेलं. त्यानंतर प्रत्येक प्रयोगाला ती पहिल्या रांगेत बसायची, आणि मी आत आलो की शेजारणीला कोपरानं ढोसून सांगायची, "ते मी शिवलंय."